पोरानं पंजा गिळला

"आत्या, पंजा! पंजा कुटंय? आत्या वो, पोरानं पंजा गिळला!"

एवढंच माझ्या तोंडातनं शहाण्यासारखं निघालं, पुढं नुसतं बोंबलणं. पोरगं कडेवर लालबुंद झालेलं, डोळ्यांतनं पाणी, खोकतंय, खोकतंय, आन गळ्यात नुसता काळा दोरा. दोऱ्यातलं काळं मणी जागच्या जागी. मधला चांदीचा पंजा गायब.

मी त्याच्या तोंडात बोट घातलं. ते चावलं. खालचं दात नुकतंच आलेत त्याला, ते कचकन रुतलं, तरी मी बोट काढंना. मंग त्याला पालथं धरून पाठीत थोपटलं, सुलटं केलं, परत पालथं केलं. पंजा काय पडंना. आत्या म्हंजे माझी सासू, ती नाकाला पदर लावून घरातनं बाहेर आली, ती बी खोकतच.

"अगं त्याला पिशवीवानी काय झटकतीस! दे इकडं!"

मी दिलं न्हाई. मला वाटलं, हातातनं सोडलं की गेलं. खरं सांगायचं तर सगळं घर खोकत व्हतं. सासू खोकत व्हती, अंगणातलं कुत्रं शिंकत व्हतं, माझा सोताचा घसा जळत व्हता. पण मला फक्त त्याचाच खोकला ऐकू येत व्हता.

मी अशी आधी न्हवते. ह्याच्या आधीचं माझ्या पोटात राह्यलं न्हाई, तिसऱ्या म्हयन्यातच गेलं, तवापासनं मी भित्री झाले. आमच्या जुन्नर तालुक्यात माणसं बिबट्याला भितात, अंधार पडला की उसाकडं कोणी एकटं जात न्हाई. मी बिबट्याला भितेच, पण वर कुकरच्या शिट्टीला बी भिते, अंगणातल्या कोंबड्याला बी भिते. पोर जास्त झोपलं की भिते, लवकर उठलं की भिते. आन सगळ्यात जास्त भिते ती दृष्टीला. बिबट्या निदान दिसतो तरी. त्याचा फॉरेस्टवाले पिंजरा लावतात. नजरेला कसला पिंजरा लावणार?

म्हणून तर तो पंजा.

माझं म्हायेर घोडेगावाकडचं, डोंगराच्या अंगाला. तिथं मोहरमात, ताबुताच्या टायमाला, पीराचे पंजे बसतात, आन नवस बोलायला सगळं गाव जातं, त्यात कोण कुणाचा देव ते कोणी इचारत न्हाई. माझं पहिलं गेल्यावर माझ्या आईनं तिथं नवस बोलला, लेकीचं लेकरू नीट हाती येऊ दे, त्याच्या गळ्यात तुझा हात घालीन. हे पोरगं झालं. बारशाला आईनं जुन्नरच्या सोनाराकडनं पंजा करून आणला. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. पाची बोटं उघडी, जणू कोणाला म्हणतोय, थांब तिथंच. तळव्यावर बारीक डोळा कोरलेला. आईनं दोरा बांधला आन मला बाजूला घेऊन म्हणली, "कोणाची बी नजर आली की ह्यो आडवा होतो, बरं का. पण नजर धरून धरून ह्याचा बी हात भरतो. दर शनवारी दृष्ट काढशील ना, तवा मीठ-मिरचीच्या मुठीत पंजा बी धरायचा. म्हंजे त्यानं धरलेली नजर मुठीत उतरती आन पंजा परत मोकळा."

मला हे लगीच पटलं. मी आठवीतनं शाळा सोडली, विज्ञान मला कधी पटलं न्हाई, पण हे पटलं. मोबाईल भरतो, मंग फोटो काढून टाकावं लागतात, तसंच हाय की ते.

तर त्या दिवशी शनवार. सकाळी शेजारची काकू आमच्या वट्यावर येऊन बसली. ही काकू म्हंजे गावाचा भोंगा. कोणाच्या घरी काय शिजलं ते तिला चुलीवरच्या पातेल्याआधी कळतं. तिनं पोराकडं बगितलं, त्याचा गाल धरला आन म्हणली, "अगं बया, ह्यो तर बोकडावानी झालाय की! काय चारतीस तरी काय ह्याला?"

बोकडावानी! आन वर थू थू बी केलं न्हाई, दृष्ट न लागो बी म्हणली न्हाई. ती गेली आन पोरानं दूध ओकलं. त्याला नुकतंच भरगच्च पाजलं व्हतं, मांडीवर नाचवलं व्हतं, हे मला तवा आठवलंच न्हाई. मला फक्त काकूचे डोळे आठवले. मोठ्ठे, वाटीवानी.

सासू म्हणली, "दिवेलागणीला काढ गं दृष्ट. आत्ता भर उन्हात कुटं उतरती का?"

पण मला कुटला धीर? घरात गॅस हाय, पण गॅसवर दृष्ट जळत न्हाई म्हणतात, म्हणून मागच्या पडवीतली आंघोळीच्या पाण्याची चूल गाठली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेतल्या, पोराच्या गळ्यातला पंजा त्याच मुठीत धरला आन उतरवायला लागले. आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची. शेजारच्या काकूची हे मोठ्यानं म्हणायची सोय न्हवती, म्हणून मनात म्हणलं, आन नीट लागू पडावं म्हणून परत एकदा म्हणलं. पोरगं हिसके देत व्हतं, त्याला मिरची पायजे व्हती. मी मूठ तशीच ओढून घेतली, चुलीत उपडी केली आन नियमापरमाणं मागं न बगता, तोंडातनं शबूद न काढता त्याला घेऊन अंगणात आले.

जरा येळ ठसकाच आला न्हाई. मिरच्या जळूनशानी ठसका येत न्हाई म्हंजे नजर लई जबर. मी मनात म्हणते, बगा, केवढा डोळा त्या बाईचा! आन तेवढ्यात पोर खोकायला लागलं, मी बगते तर गळ्यात पंजा न्हाई.

आता माझं बोंबलणं ऐकून धावत कोण यावं? काकूच.

"काय झालं गं? कोण पडलं?"

मी झटकन पोरावर पदर टाकला. त्याचा जीव चाललाय आन मी त्याला काकूच्या नजरेपासनं झाकते! काकूनं पदर ओढून काढला. "मारतीस का काय त्याला कोंडून? काय गिळलंय?"

"पंजा."

"कोंबडीचा?"

"चांदीचा वो! गळ्यातला!"

काकूनं पदर कमरेला खोचला. तिनं पोराचं तोंड उघडून आत बगितलं, छातीला कान लावला, आन मला म्हणली, "चल. नारायणगावला. अशीच चल." सासू म्हणली, "तुमी व्हा पुढं, मी घर झाडून बगते, कुटं पडला असंल तर." मी घराकडं वळले, पर्स घ्यायला, तर काकूनं दंडाला धरून मला रस्त्यावर ओढलं. तिनं रस्त्याच्या मधोमध हुभं राहून दोन्ही हात पसरले आन भरलेली वडाप जीप थांबवली. ड्रायव्हर ओरडला, "काकू, जागा न्हाई वो!" काकू म्हणली, "तुज्या बापाला जागा न्हाई असं सांगितलं असतं तर तू आला असतास का? सरक!"

जीपमधी मी ह्यांना फोन लावला. आमचे हे सकाळीच टोमॅटोचे क्रेट घेऊन मार्केटला गेलेले. तिथं माल बोलीला लागलेला, मागं नुसता कालवा.

"अवो, पोरानं हात गिळला!"

"काय?"

"हात! हात गिळला!"

"कुणाचा?"

मी रडायला लागले. काकूनं फोन काढून घेतला आन म्हणली, "भाऊ, चांदीचा पंजा गिळला असं ही म्हणती. पोर ठीक हाय. ही ठीक न्हाई. लहान पोरांच्या दवाखान्यात ये."

पोर खरंच ठीक दिसत व्हतं. रस्त्याला लागल्यावर त्याचा खोकला थांबला, त्यानं अंगावर पिऊन घेतलं, आन मंग पुढच्या माणसाची टोपी ओढायला लागलं. माझं मात्र डोळ्यापुढं दुसरंच. ती पाच बोटं, एकेक उघडं बोट, टोकदार. सोनार म्हणला व्हता, बोटं जोडलेली करू का? तर मीच आईला फोनवर सांगितलेलं, न्हाई, सुटी सुटीच पायजेत, जावेच्या पोराचा पंजा जोडलेल्या बोटांचा हाय, तो लांबनं चमच्यावानी दिसतो. आता ती सुटी बोटं माझ्या पोराच्या आतड्याला धरून बसली असतील, असं माझ्या डोक्यात. मी ओझरच्या गणपतीला हात जोडले. विघ्नहरा, पोर वाचू दे, तुझ्या दारी पायी येईन. मंग आठवलं, कडेवर पोर, ऊन, आन दोन्ही अंगांनी ऊस, उसात बिबट्या. म्हणलं, देवा, जीपनं येईन, पण दारातनं आत अनवाणी येईन. आता तिथं सगळेच अनवाणी जातात, चपला बाहेरच काढाव्या लागतात, हे मला घरी आल्यावर सुचलं.

नारायणगावला हायवेच्या चौकात टोमॅटोच्या पिकप गाड्या एकाला एक लागलेल्या. जीप हलंना. काकूनं पोर माझ्याकडनं घेतलं, खांद्यावर टाकलं आन चालायला लागली. साठीची बाई, पण गाड्यांच्या मधनं अशी सुटली की मीच मागं राह्यले. दवाखान्यात पोचले तवा ती बाकावर बसून पोराला केळं चारत व्हती.

"काकू! पोटात पंजा हाय आन वर केळं?"

"केळात गुंडाळून खाली जातंय सगळं. माझ्या थोरल्यानं आठाणं गिळलं व्हतं, केळानंच आलं."

डॉक्टरांनी पोराला तपासलं. शांत माणूस. म्हणाले, "आता खोकतोय का?"

"न्हाई."

"दूध प्यायला?"

"जीपमधी."

"केळंही खाल्लंय, दिसतंय." पोराच्या नाकावर केळं व्हतं. "मग इतकं घाबरू नका. एक फोटो काढू, म्हणजे तुमचीही खात्री होईल."

एक्सरेच्या खोलीत मला जड एप्रन घातला. तिथला माणूस म्हणला, बाळाचे हात वर धरा, हलू देऊ नका. मी हात वर धरले. पण ती मशीन खाली यायला लागली तसं पोर घाबरून रडायला लागलं, आन माझा एक हात आपोआप त्याच्या पोटावर गेला, थोपटायला. मला कळलं बी न्हाई. खट्ट झालं.

कम्प्युटरवर फोटो आला. मी डोळं फाडून बगितलं. पोराच्या बारीक बारीक बरगड्या, त्याच्या खाली पोट, आन पोटावर, बरोब्बर मधी, पांढरीफेक पाच बोटं.

"पंजा!" मी किंचाळले. "ह्यो बगा पंजा! डॉक्टर, काढा वो तेवढा!"

काकूनं पुढं वाकून बगितलं. तिचं बी तोंड उघडंच राह्यलं. "अगं आई! नखाएवढा व्हता ना गं? पोटात जाऊन वाढला का काय?"

डॉक्टर जवळ आले, चष्मा वर केला, खाली केला. मंग अगदी हळू म्हणाले, "ताई, ह्या पंजाला बांगड्या आहेत."

मी बगितलं. व्हत्या. बांगड्या व्हत्या, एका बोटात अंगठी बी व्हती. काकूनं माझा उजवा हात उचलला आन सरळ कम्प्युटरच्या काचेशेजारी धरला. एकदा इकडं बगितलं, एकदा तिकडं बगितलं. "हिचाच हाय," ती म्हणली, डॉक्टरांना सांगावं तसं. एक्सरेवाला तोंड फिरवून भिंतीकडं गेला. त्याचे खांदे हलत व्हते.

परत फोटो काढला. ह्या खेपेला पोराचे हात काकूनं धरले आन मला दाराबाहेर हुभं केलं. त्या फोटोत काय सुदिक न्हवतं. घशात न्हाई, छातीत न्हाई, पोटात नुसतं दूध आन केळं.

"डॉक्टर, पण चांदी दिसती का ह्याच्यात?"

"तुमची अंगठी दिसली ना?"

"दिसली."

"मग. चांदी गिळली असती तर दिसलीच असती. पण एक सांगतो, गळ्यात असलं काही घालत जाऊ नका हो. आज नाही गिळलं, उद्या गिळेल. दोरासुद्धा नको, आवळला तर काय करणार?"

मी मान हलवली. मला त्या घडीला कोणी म्हणलं असतं पोराला अंगडं घालू नका, तरी मी मान हलवली असती.

आमचे हे दवाखान्याच्या दारात भेटले, शर्टाला टोमॅटोचा रस, माल अर्ध्यात सोडून आलेले. पोराला घेतलं, त्याचं पोट दाबून बगितलं, मंग माझ्याकडं बगितलं. त्यांना वाटलं आत काय तरी वाईट झालंय, कारण मी हसत बी व्हते आन रडत बी व्हते. काकूनं त्यांना पिकपात बसल्यावर सगळं सांगितलं. बांगड्यांपाशी आली की परत पहिल्यापासनं सांगायची.

घरी आलो तर सासू मोरीपाशी बसून तवा घासत व्हती. आमच्याकडं साबण हाय, पावडर हाय, पण तव्याचं बूड सासू राखेनंच घासती. पुढ्यात चुलीतली राख, हातात काथ्या. आमाला बगून ती उठली न्हाई. फक्त पोराकडं बगितलं, ते हसतंय म्हणल्यावर तिचा जीव भांड्यात पडला, आन मंग तिनं राखेचा हात पुढं केला.

"ह्योच का तुजा पंजा?"

काळाठिक्कर. करंगळी वाकलेली. वरची कडी फाकलेली. तळव्यावरचा डोळा काजळी धरून बसलेला.

"चुलीत कसा गेला गं ह्यो?" सासूनं इचारलं.

मी पंजा हातात घेतला. सगळं एकदम आठवलं. ती मूठ, मुठीत पंजा, पोराचा हिसका, माझं ओढणं. कडी तिथंच फाकली असंल. आन मी मूठ चुलीत उपडी केली, मिठासकट, मिरचीसकट, पंजासकट, आन मागं बगितलं न्हाई, कारण मागं बगायचं नसतं. एकदा वळून बगितलं असतं तर निखाऱ्यात चमकलेला दिसला असता. पण नियम म्हंजे नियम.

सासूला कळायला येळ लागला न्हाई. "धन्य गं बाई तुजी! दृष्ट जाळता जाळता दृष्टीचं औषधच जाळलंस!"

काकू हसता हसता वट्यावर बसली. पदरानं डोळं पुसलं. मंग एकदम थांबून म्हणली, "पण काय गं, भर उन्हात कुणाची दृष्ट काढत व्हतीस?"

मी पोराचं नाक पुसायला लागले. ते आधीच पुसलेलं व्हतं. आमचे हे पिकपाचं टायर बगायला गेले. सासू तवा घासत म्हणली, "असंल आल्यागेल्याची."

"व्हय का," काकू म्हणली. "मंग माझी बी असंल त्यात." आन उठली. जाताना पोराच्या गालाला हात लावला, माझ्याकडं बगून मोठ्यानं थू थू केलं, इतकं की पोराच्या तोंडावर शिंतोडे उडले, आन गेली.

मी तिच्या मागं जाऊन काय तरी बोलायला पायजे व्हतं. दुसऱ्या दिवशी वाटीभर शिरा नेऊन दिला. ती म्हणली, "साखर कमी हाय."

पंजा चिंच लावून घासला. चांदी उजळली, करंगळी मात्र वाकडीच राह्यली. आता प्रश्न असा की घालायचा का न्हाई. डॉक्टर म्हणले नको. माझ्या आईला फोन केला तर ती म्हणली, "पोर उघड्या गळ्यानं ठेवलंस? डॉक्टरला नवस ठावा हाय का? आजच्या आज घाल." आमचे हे म्हणले, पोराच्या गळ्यात परत बांधलास तर मी सोता इहिरीत टाकीन. कोणाला, ते बोलले न्हाईत. मी सगळ्यांना व्हय म्हणले, आन पंजा पिठाच्या डब्यावर ठेवून त्याच्याकडं बगत बसले. शेवटी सासूच वैतागली. "दृष्ट पोराला कधी लागलीच न्हाई. लागलीया ती तुला. तूच घाल आन गप बस."

मला ते बरं वाटलं. मंगळसूत्रात ओवून घेतला. नवस बी मोडला न्हाई, कारण पोर दिवसभर माझ्याच अंगावर असतं, म्हंजे पंजा त्याच्यापाशीच. डॉक्टरांचं बी ऐकलं. मला वाटलं, आठवी शिकलेल्या बाईनं ह्याहून काय शाणपण करावं?

पण पोर अंगावर प्यायला लागलं की त्याचा मोकळा हात वर येतो, मंगळसूत्र चाचपतो, बरोबर पंजा शोधतो, आन दूध सोडून तो तोंडात घालतो. वाकडी करंगळी त्याच्या त्या दातांत मस्त बसती. मी काढून घेते, ते भोकाड पसरतं, मी परत देते, परत काढते. मंग मी म्हणते, मरू दे, काढूनच ठेवते, आन मंगळसूत्र खुंटीला अडकवते. पोराचा गळा मोकळा, माझा गळा मोकळा, दोघं कसं हलकं हलकं बसतो. आन तेवढ्यात कुंपणापलीकडनं काकूचा आवाज येतो, "कुटंय गं माझं बोकड? आज बगितलंच न्हाई त्याला!"

माझा हात आपोआप खुंटीकडं जातो.

तुमी हसाल, हसा. पण लेकरू तुमच्या मांडीवर हाय, ते पंजासाठी हात वर करतंय, डॉक्टर नको म्हणलाय, आईनं नवस बोललाय, आन काकू वट्याची पायरी चढतीया. मंग सांगा, तुमी काय केलं असतं?